आठ महिने हिरवे

नर्स म्हणून मी चौतीस वर्षं नोकरी केली आणि त्यातला बराच वेळ बायकांना उखाणे घ्यायला लावण्यात घालवला. माझ्या सेवापुस्तकात याची नोंद नाही.

निपाणीच्या दवाखान्यात गुरुवारी छातीच्या रुग्णांची तपासणी असायची. बहुतेक बायकाच. घरी सूप मांडीवर घेऊन बिड्या वळणाऱ्या, नाहीतर वखारीत तंबाखू चाळणाऱ्या. त्यांना "दम लागतो का?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं. "न्हाय, तसं काय न्हाय." खांदे कानाला लागलेले, गळ्याखालचे खड्डे आत ओढले जातायत, आणि तरी तसं काय न्हाय. आयुष्यभर "मला झेपत नाही" हे वाक्य ज्यांना कुणी उच्चारू दिलं नाही, त्यांनी ते नेमकं माझ्यासमोर का उच्चारावं? म्हणून मी विचारणं सोडून दिलं. केसपेपर लिहीत, वर न बघता म्हणायची, "मालकांचं नाव घे बघू." लाजणं, हसणं, शेजारणीला कोपरानं ढोसणं झालं की उखाणा सुरू व्हायचा. श्वास कुठल्या शब्दावर तुटतो तेवढं मी ऐकायची. चार ओळी सलग गेल्या तर बाई ठीक आहे. दुसऱ्या ओळीला थांबली तर डॉक्टरांकडे आधी. पहिल्याच ओळीत तीनदा थांबली तर उखाणा पुरे, ऑक्सिजन लाव.

दमा म्हणजे काय ते दोन वाक्यांत सांगते, कारण तो झालेल्यांनाही पुष्कळदा कुणी सांगितलेलं नसतं. श्वासाच्या नळ्या आतून सुजतात आणि आवळतात. हवा आत जाते, पण बाहेर पडताना अडते. त्यावर दोन पंप. निळा पंप आवळलेली नळी पाच मिनिटांत सैल करतो. तपकिरी पंप आतली सूज उतरवतो, पण हळूहळू, आणि तो बरं वाटत असतानाही रोज घ्यावा लागतो. निळा पंप पाहुण्यासारखा, आला की घर हसतं. तपकिरी पंप सुनेसारखा, रोज राबतो आणि कुणाचं लक्ष नसतं. निळा वारंवार लागायला लागला की समजावं, आत काहीतरी बिघडत चाललंय.

शिवाय पंप ओढायचीही पद्धत असते. कंग्राळीच्या एका गुरुजींनी महिनाभर तो गळ्यावर बाहेरून फवारला आणि वर मला ऐकवलं, "सिस्टर, तुमच्या औषधात राम नाही." थेट तोंडात मारला तरी निम्मं औषध जिभेवरच राहतं. त्यासाठी मधे एक नळकांडं लागतं. ते दवाखान्यात नेहमीच संपलेलं असायचं, म्हणून मी पाण्याच्या रिकाम्या बाटलीच्या बुडाला भोक पाडून त्यात पंप बसवायची. रुग्णानं बाटलीचं तोंड ओठांत धरायचं आणि सावकाश श्वास घ्यायचा. अशा शेकडो बाटल्या मी कातरल्या असतील.

निवृत्त झाले, आणि सहा महिन्यांत एक प्रकल्प दारात आला. दम्याच्या रुग्णांसाठी मोबाइलवरचं अ‍ॅप. पैसा बाहेरचा, ऑफिस बेळगावात, काम निपाणी भागात. माझ्यासाठी कार्ड छापलं, त्यावर नावाखाली 'श्वास-समन्वयक'. चौतीस वर्षं मी नुसती सिस्टर होते. मला ते कार्ड आवडलं, हे इथेच कबूल करून टाकते.

अ‍ॅपची कल्पना वाईट नव्हती. यंत्राला शिव्या देण्यासाठी मी हे लिहीत नाही. रोज सकाळी सात वाजता फोन वाजायचा आणि विचारायचा, 'आज तुम्हाला कसं वाटतंय?' मग चार प्रश्न. मग एका प्लास्टिकच्या नळीत जोरात फुंकून तिचा आकडा भरायचा. बायका तिला फुंकणीच म्हणायच्या. सगळं ठीक असेल तर हिरवं गोल, थोडं कमी तर पिवळं, त्रास असेल तर लाल. लाल दाबलं की माझ्याकडे दिलेल्या एका फोनवर घंटा वाजणार आणि मी त्या घरी पोचणार. तपकिरी पंपाची आठवण करणं, पंप कसा ओढायचा त्याची फिल्म दाखवणं, हेही त्यात होतं. कागदावर मला खोट काढता आली नसती.

भाषेत मात्र होती. प्रश्न इंग्रजीत लिहून ते यंत्राकडूनच मराठीत करून घेतले होते. पहिलाच प्रश्न, 'तुमची छाती घट्ट आहे का?' निपाणीजवळच्या बोरगावच्या देवळात पंचवीस बायकांना एकत्र बसवून मी तो मोठ्यानं वाचला आणि देऊळ हसण्यानं दणाणलं. पुढच्या रांगेतली शेवंता पदर तोंडात कोंबून म्हणाली, "सिस्टर, ह्येनला कशाला पायजेत गं बाई असल्या चौकश्या? मालकानं बी कदी इचारलं न्हाय!"

'छातीत कोंडल्यासारखं होतं का?' एवढी दुरुस्ती करून घ्यायला मला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत अ‍ॅपचं बोधचिन्ह दोनदा बदललं.

ही शेवंता पंचावन्नच्या आसपासची. तेरा वर्षांची असल्यापासून बिड्या वळत होती, दमा वीस वर्षांचा. तोंडानं फटकळ, पण हात असा की डोळे मिटून वळलेली बिडीसुद्धा मापात. तिचा उखाणा मला पाठ होता:

निपाणीच्या बाजारात आली हिरवी मिरची,
बसायला दिली मला सासूबाईंनी खुर्ची,
खुर्चीवर बसून बिडी वळते बारीक,
मारुतरावांचं नाव घेते, आज कुठली तारीख?

बरी असली की एका दमात शेवटपर्यंत जायची आणि वर माझ्यावर डाफरायची, "तारीख सांगा की!"

त्या दिवशी देवळात मी एक वाक्य बोलले. ऑफिसनं बोलायला सांगितलं होतं, पण तोंड माझं होतं. "रोज भरायचं. जी भरणार नाही तिचं नाव यादीतून कमी होईल, आणि नाव कमी झालं की फुकटचे पंप बंद." बायका गप्प झाल्या. मला वाटलं, शिस्त लागली.

आणि मग सगळं हिरवं झालं. त्या गावाचं पान ऑफिसच्या पडद्यावर उघडलं की पावसाळ्यातलं शिवार दिसावं तसं दिसायचं. लाल नाही, पिवळंही औषधाला नाही. माझ्याकडचा घंटेचा फोन आठ महिन्यांत एकदाही वाजला नाही. माझे गुडघे दुखत होते आणि ऑफिसनं सांगून टाकलं होतं की घरोघर फिरायची, दवाखान्यासारखं दर गुरुवारी देवळात बायका जमवायची आता गरज नाही, माहिती बसल्या जागी येते. पंप दर महिन्याला एक माणूस मोटरसायकलवरून वाटून यायचा. मी पंख्याखाली बसून हिरवे गोल बघत असे.

मला शंका आली नाही असं नाही. थंडीत तंबाखूचा हंगाम सुरू झाला. त्या दिवसांत बोरगावात नुसतं फिरलं तरी नाकात ठसका बसतो. चौतीस वर्षांत असा एक हंगाम मला आठवत नाही, ज्यात दवाखान्याचा व्हरांडा भरला नाही. बैठकीत मी व्यवस्थापकांना म्हणाले, "साहेब, एवढं हिरवं असूच शकत नाही."

हे व्यवस्थापक चाळिशीचे, कोट घालणारे, आणि कुठलाही विषय 'आयतु' या एका कानडी शब्दानं मिटवणारे. झालं, ठीक आहे, पुढे चला, या सगळ्याला मिळून 'आयतु'.

"सिस्टर, तुमचाच भाग पहिला आलाय आणि तुम्हीच तक्रार करताय?"

"एकदा घरोघर जाऊन बघते."

"बजेटमध्ये व्हिजिट नाहीत. आकडे खोटं बोलत नाहीत. आयतु?"

आयतु, असं मीही म्हणाले. 'तुमचाच भाग पहिला' हे वाक्य कानाला गोड लागलं होतं.

फेब्रुवारीत बेळगावात सोहळा ठेवला. रोज न चुकता भरणाऱ्या आणि सगळ्यात जास्त हिरवं असणाऱ्या आदर्श रुग्णाचा सत्कार. आदर्श रुग्ण, बोरगावची शेवंता.

सभागृह दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट होती, ती पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली. मला खाली नोंदणीच्या टेबलावर बसवलं होतं, म्हणून शेवंता जिना कशी चढली ते मी पाहिलं नाही. मी मागच्या रांगेत जाऊन बसले तेव्हा दीपप्रज्वलन आटोपलं होतं आणि समईशेजारी धुपाची ताटली धुमसत होती. दम्याच्या कार्यक्रमात धूप! व्यासपीठावर सात माणसं बसली होती, त्यातल्या एकालाही ते खटकलं नाही. दोघं तर स्वतःच्या भाषणात 'स्वच्छ हवा' म्हणाले.

पडद्यावर शेवंताचे आठ महिने उमटले. हिरवं, हिरवं, हिरवं. टाळ्या. शाल आली, नारळ आला. सूत्रसंचालिका म्हणाली, "आक्का, दोन शब्द बोला." शेवंतानं मान हलवली. "बरं, मग उखाणा तरी घ्या!" सभागृह खुलून हसलं. माईक पुढे आला.

"निपाणीच्या," शेवंता म्हणाली. थांबली. "बाजारात." थांबली. "आली... हिरवी..."

'मिरची'च्या जागी नुसती शिट्टी आली.

सूत्रसंचालिका म्हणाली, "आक्कांना भरून आलंय!" आणि लोकांनी आणखी जोरात टाळ्या वाजवल्या. मी उठले होते. खुर्च्या ढकलत, कुणाच्यातरी पायावर पाय देत पुढे धावले. व्यासपीठाखालून मला दिसलं, शालीखाली तिचे खांदे पंप मारल्यासारखे वरखाली होत होते आणि ओठांचा रंग उतरला होता. मी ओरडले, "खाली बसवा तिला! धूप विझवा आधी!"

व्यवस्थापक आडवे आले. त्यांचं वाक्य मी जसंच्या तसं लिहिते. "सिस्टर, दोन मिनिटं. फोटो होऊ दे."

मी त्यांना ढकललं. आयुष्यात माणसाला ढकलण्याची माझी ती पहिली वेळ, आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. शेवंताच्या पिशवीतला निळा पंप काढून हलवला तर आत काहीच नाही, रिकामा. माझ्या पर्समध्ये एक असतो, सवय सुटलेली नाही. नळकांडं कुठून आणणार? प्रमुख पाहुण्यांपुढची पाण्याची बाटली घेतली आणि त्यांच्याच पायाशी ओतली. पुस्तिकेच्या प्रकाशनाची फीत कापायला ताटात कात्री ठेवली होती, तिनं बुडाला भोक पाडलं, पंप बसवला. "शेवंता, ओठ मिट. ओढ. सावकाश." एक. परत हलवला. दोन. दर वेळी एक फवारा आणि सावकाश श्वास, असं मोजत दहा वेळा पंप मारला, तेव्हा कुठे तिनं माझा हात घट्ट धरला. त्याआधी तिचा हात नुसता पडून होता.

पाहुण्यांच्या दोन गाड्या दारात उभ्या होत्या. आम्ही रिक्षानं दवाखान्यात गेलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या नाकातली नळी काढली. मी खाटेजवळ बसले होते. राग कुणावर काढावा ते कळत नव्हतं, म्हणून तिच्यावर काढला.

"कधीपासून चाललंय हे?"

"दिवाळीपास्नं."

"दिवाळीपासून! आणि रोज हिरवं दाबतीस? निळा पंप कधी संपला?"

"दर म्हैन्याला धा दिवसांतच संपतुया. मग गरम पानी पिऊन बसायचं."

"मग लाल का नाही दाबलंस? लाल दाबलं असतंस तर मी त्याच दिवशी आले असते!"

तिनं माझ्याकडे बघितलं, एखाद्या मतिमंद पोराकडे बघावं तसं. मग एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "लाल म्हंजी छाट न्हवं का, सिस्टर?"

छाट हा शब्द तुम्हाला ठाऊक नसेल. बिड्यांच्या जुड्या घेऊन बाई कारखान्यात जाते. तिथला तपासणारा जुडी उचलतो, उलटसुलट करतो, आणि जी पसंत पडत नाही ती बाजूला फेकतो. ती छाट. तिची मजुरी नाही, आणि बिडीही परत नाही. फार छाट पडली की बाईचं नावच कमी होतं. म्हणून बाई चांगल्या बिड्या जुडीत बाहेरच्या अंगाला लावते, डाव्या उजव्या झालेल्या आत दडवते. बोरगावातली, निपाणीतली कुठलीही बाई हे करते. ही लबाडी नाही. त्याशिवाय चूल पेटत नाही.

अ‍ॅपनं लाल दाखवताना गोलात फुली काढली होती आणि फोन टर्र असा आवाज करायचा. शेवंतानं पहिल्याच आठवड्यात एकदा चुकून लाल लावलं, टर्र ऐकलं आणि पुढे पाठवायच्या आधीच घाईघाईनं पुसून हिरवं केलं. गल्लीतल्या सगळ्याजणींना सांगितलं. फुंकणीचा आकडाही ती रोज पहिल्या दिवसाचाच भरत होती, कारण तो पास झाला होता. तपकिरी पंप दिवसातून दोनदाऐवजी एकदाच घ्यायची आणि उरलेले खाटेखाली डब्यात साठवायची.

"साठवतीस कशाला?"

"नाव कमी झाल्यावर काय करायचं? तुमीच म्हनलाता की देवळात."

मी म्हनलेते. आणि मी कोण? माझ्या आईनं चाळीस वर्षं निपाणीत बिड्या वळल्या. शाळेतून आले की मी तिच्या जुड्या घेऊन कारखान्यात रांगेत उभी राहायची. छाट पडली की त्या माणसासमोर रडायचं नाही, दाराबाहेर येऊन रडायचं, हे मला आठव्या वर्षी कळत होतं. बेळगावच्या कोटवाल्यांना छाट ठाऊक नसेल, तो त्यांचा गुन्हा नाही. मला ठाऊक होती आणि कार्डावर दोन शब्द छापून मिळाल्यावर मी ती विसरले. पंचवीस बायकांसमोर उभी राहून मी तपासणाऱ्याच्या भाषेत बोलले, आणि त्यांनी तपासणाऱ्याला द्यायचं तेच उत्तर मला दिलं.

मी तिला सांगितलं, "शेवंता, ही छाट नाही. खरं सांगितलं म्हणून कुणाचं नाव कमी होत नाही. माझा शब्द."

पुढच्या बैठकीत मी हे सगळं मांडलं. फुली काढा, टर्र बंद करा, 'नाव कमी होईल' हे वाक्य मागे घ्या, गुरुवार परत सुरू करा. सगळ्यांनी लिहून घेतलं. व्यवस्थापक म्हणाले, "फारच मोलाची माहिती. आयतु." त्याच बैठकीत प्रकल्पाचं नवं पत्रक वाटलं. आतल्या पानावर फोटो, मी बाटली धरून वाकले आहे, शेवंताच्या अंगावर शाल. खाली ओळ, 'अ‍ॅपमुळे वेळीच मिळाले उपचार'.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. बोरगावच्या एका रुग्णानं जाणूनबुजून चुकीची माहिती भरल्यानं प्रकल्पाच्या विश्वासार्हतेला बाधा येते, सबब सदर रुग्णाचं नाव यादीतून वगळण्यात येत आहे. सबब! माणसाचा श्वास तोडायला सबब लागते.

पत्र घेऊन मी बेळगावला गेले. बोलले ते लिहिण्यासारखं नाही. दिवाळी अंक घरात सगळे वाचतात. कार्ड फाडलं, राजीनामा ठेवला आणि तो घंटेचा फोन टेबलावर आपटून बाहेर पडले. खूप बरं वाटलं. बसमध्ये अर्ध्या वाटेवरच्या हत्तरगीपर्यंत बरं वाटत होतं.

शेवंताला सांगायला जायचं धाडस व्हायला चार दिवस लागले. ती उंबऱ्यात बिडीची पानं कापत बसली होती. मी सांगितलं. ती रडली नाही, मला बोलही लावला नाही. हसली.

"म्या म्हनलंतं न्हवं, सिस्टर? छाट हाय ती. तुमी लई शिकलासा, म्हनून तुमास्नी दिसंना."

मग आत जाऊन डबा घेऊन आली. त्यात साठवलेले तपकिरी पंप. "आपली सोय हाय," म्हणाली. मी जिला अडाणीपणा म्हणून रागावले होते, त्या सोयीवर ती गणपतीपर्यंत जगली. आता डबा रिकामा आहे. सरकारी दवाखान्यात पंप एका महिन्यात येतात, दुसऱ्यात येत नाहीत. मी जमेल तिथून आणते. सगळ्याजणींना पुरत नाहीत.

गुरुवार मी परत सुरू केलाय, त्याच देवळात. बाटल्या कातरते, उखाणे ऐकते. परवाच्या गुरुवारी सकाळी लवकर आधी शेवंताच्या घरी गेले. 'निपाणीच्या बाजारात'पासून निघाली ती दुसऱ्या ओळीत 'खुर्ची'ला थांबली. हंगाम अजून पुढे आहे आणि ती खुर्चीलाच थांबतेय, हे मला बरं वाटलं नाही.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. सात वाजले होते. 'आज तुम्हाला कसं वाटतंय?'

नाव वगळलं, पण अ‍ॅप काढून टाकायची कुणाला आठवण राहिलेली नाही. शेवंतानं तंबाखूचं बोट पदराला पुसलं आणि लाल दाबलं. टर्र वाजलं.

"आता भ्यायचं काय? रोज लालच दाबतुया," ती म्हणाली. "बघू या की, कोन येतंय का."

पडद्यावर अक्षरं आली, 'धन्यवाद. आमच्या समन्वयक लवकरच तुमच्या घरी पोचतील.' ती तिनं मला वाचून दाखवली आणि सूप मांडीवर ओढलं.

बेळगावच्या त्या ऑफिसात, कुणाच्या तरी टेबलाच्या खणात, मी आपटलेला तो फोन अजून असेल. रोज सकाळी सातला वाजत असेल.